आधी काळी, मग लाल

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विचारलं, "मिस्त्री, तुमच्या धंद्यात काही थरारक घडतं का हो?" म्हटलं, रोज घडतं. कोल्हापूरचा माणूस हातात पाना घेऊन बॅटरीपाशी गेला की थरार आपोआप घडतो. आपण फक्त लांब उभं राहायचं.

मी रसूल मणेर. उद्यमनगरात एका गाळ्यात माझं बॅटरीचं दुकान होतं. माझा बाप बांगड्या भरायचा, मी बॅटऱ्या भरल्या. बापाचा जन्म आयाबायांच्या हातांत प्रेमानं काच चढवण्यात गेला, माझा लोकांच्या अंगावरचं सोनं उतरवण्यात, कारण बॅटरीजवळ अंगावर धातू चालत नाही. बायका ऐकायच्या. पुरुषांचं विचारू नका. गळ्यात दोरखंडाएवढी चेन, मनगटात कडं, बोटाबोटाला अंगठी. "सोनं काढून ठेवा" म्हटलं की चेहरा असा व्हायचा, जणू मी चारचौघांत विजार उतरवायला सांगतोय.

नव्वदच्या दशकात माझ्याकडे ट्रक, जीप आणि ट्रॅक्टर यांच्याच बॅटऱ्या यायच्या. मग भारनियमन आलं. लाइट गेली की लोक सरकारला शिव्या द्यायचे आणि मी मनातल्या मनात दुवा द्यायचो. घरोघरी इन्व्हर्टर बसले, आणि आजवर बॉनेटखाली गुमान पडलेली बॅटरी एकदम घरचं माणूस झाली. कुणी तिला चपलांच्या कपाटात कोंडलं, कुणी गादीखाली. एका मॅडमनी तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि वर पितळेची फुलदाणी ठेवली. फुलदाणी दोन्ही टोकांना टेकली असती, तर फुलांसकट सगळ्यांचं विसर्जन झालं असतं. मी तसं सांगितलं तर म्हणाल्या, "मग रुमाल जाड विणू का?"

आता ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅटरीला दोन टोकं असतात, एक लाल वायरीचं आणि एक काळ्या वायरीचं. दोन टोकांच्या मधे लोखंड, सोनं, पितळ, काहीही आडवं पडलं की सगळा करंट त्यातून एकदम धावतो. शॉक बसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण जे आडवं पडलंय ते निखाऱ्यासारखं लाल होतं. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून एक गॅस निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो ठिणगीची वाट बघत बसलेला असतो. एवढंच शास्त्र. बाकी सगळा माणसांचा स्वभाव.

आणि आमच्याकडचा स्वभाव म्हणजे ठिणगी बघणे. बॅटरीत किती दम आहे हे तपासायला मीटर असतो, पण मीटर लावणारा माणूस भित्रा समजला जातो. मर्द गडी काय करतो? पाना घेतो आणि दोन्ही टोकांवर आडवा टेकवतो. फाडकन ठिणगी उडते, जमलेली मंडळी माना डोलावतात, "हाय हाय, दम हाय." उघड्यावरच्या ट्रॅक्टरला हे बऱ्याचदा खपून जातं, गॅस वाऱ्यानं निघून गेलेला असतो. पण माझ्या दुकानात एका ड्रायव्हरनं मी पाठ वळवल्यावर चार्जिंगच्या बॅटरीवर हा प्रयोग केला. असा बार उडाला की समोरच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं. बुचं छताला लागली, ॲसिड चौफेर उडालं. मी गड्याला धरून नळाखाली कोंबला, डोळ्यांवर पाणी सोडलं ते सोडतच राहिलो. नशिबानं डोळे वाचले. ओलाचिंब, शर्टाची चाळण झालेली, आणि पहिलं वाक्य काय? "बघितलासा मिस्त्री? म्हनलं न्हवतं, लई दम हाय!"

तर अशा मर्द गड्यांच्या यादीत वरच्या नंबरला होते शिरोळ तालुक्यातले बापूदादा. कृष्णाकाठी ऊस, दारात ट्रॅक्टर, एके काळी तालमीत घुमलेले. अंगानं दांडगे, मनानं वाईट नव्हते. फक्त मला सगळं येतं ही एक व्याधी होती. त्यांच्या वडिलांना, आबांना, दम्यानं पार खाल्लं होतं. छाती निकामी होत आली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन गाळून नळीनं नाकात सोडणारं मशीन, ते चालतं विजेवर, आणि त्यांच्या गावात वीज म्हणजे पाहुण्यासारखी, आली की कौतुक. म्हणून दादा माझ्याकडे इन्व्हर्टर घ्यायला आले.

बसवायला मीच गेलो. बाहेरच्या सोप्यात इन्व्हर्टर आणि बॅटरी, आतल्या खोलीत आबा. मी वायरी लावायला बसलो तसा दादांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला.

"सरका, मी आवळतो. ट्रॅक्टरची शंभरदा आवळलीया."

"दादा, अंगठ्या काढा."

"ही न्हाई निघायची. पवळं हाय. ज्योतिषानं सांगितलंय, काई झालं तरी काढायची न्हाई."

एवढं बोलेपर्यंत पाना लाल टोकावर आणि अंगठी काळ्या टोकावर टेकली. दादांचा आवाज चार गल्ल्या ओलांडून गेला. हात पाण्यात बुडवून ठेवला तेव्हा कुठं अंगठी निघाली, आणि बोटाला कायमचं पांढरं वळं राहिलं. ज्योतिषानं ती अंगठी नेमकी कशापासून वाचवायला दिली होती, हे मी विचारलं नाही. पुढं दादा लोकांना सांगायचे की हा व्रण एका कुस्तीतला आहे. कुणाबरोबरची कुस्ती ते सांगत नसत, आणि मीही माझ्या बॅटरीचं नाव पुढं केलं नाही.

दादा बोट धरून बसले, तेव्हा दारातून एकजण मात्र सगळं नीट बघत होती. त्यांची बायको, वैजयंता वहिनी. डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आल्या आणि म्हणाल्या, "भाई, तुमी जाशीला निघून. उद्या काय झालं तर बघायचं कुनी? मला सांगा की."

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पाना हिसकावणारे पुष्कळ भेटले होते, विचारणारं माणूस क्वचित. मी त्यांना दाखवलं. आधी आबांचं मशीन बंद, मग इन्व्हर्टर बंद. काढताना काळी वायर आधी, मग लाल. जोडताना उलट, लाल आधी आणि काळी सगळ्यांत शेवटी.

"काळीच आदी का?"

"ट्रॅक्टरचं बघा. त्याचं सगळं लोखंडी अंग काळ्या टोकाला जोडलेलं असतं. तुम्ही लाल आधी सोडवायला गेला आणि पाना अंगाला लागला, की उडाली ठिणगी. काळी आधी सोडवली की अंग मेलं. मग लाल सोडवताना पाना कुठंही लागू दे. घरातल्या बॅटरीलाही तीच सवय ठेवायची, म्हणजे हात चुकत नाही."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मनगटभर हिरव्या बांगड्या, पुढं-मागं सोन्याच्या पाटल्या. "ह्येचं काय?"

"काचेच्या राहू द्या. काचेतून करंट जात नाही. पाटल्या तेवढ्या काढायच्या."

"ह्या आबांनी घातल्यात लग्नात. आता हात भरलाय, निघत न्हाईत."

"मग दादांना बोलवा," मी म्हणालो, आणि दोघांनीही बोट पाण्यात घालून बसलेल्या दादांकडे बघितलं. पान्याच्या दांड्याला मी सायकलची ट्यूब गुंडाळून दिली आणि पाना तिथंच ठेवून आलो.

त्यानंतर एका पावसाळ्यात राधानगरी-गगनबावड्याकडे आभाळ फाटलं. धरणाचे दरवाजे उघडले, नद्या पसरल्या, आणि शिरोळकडचे रस्ते पाण्याखाली गेले. दुकानात बसून मी पावसाला शिव्या देत होतो. दुपारी फोन वाजला.

"भाई, मी वैजयंता बोलतीया. कालधरनं लाइट न्हाई. इन्व्हर्टर कुई कुई कराय लागलाय."

कुई कुई म्हणजे बॅटरी संपत आली. मागं मला मशीनचा आवाज ऐकू येत होता. घुर्र, फुस्स. घुर्र, फुस्स. तो आवाज म्हणजे आबांचा श्वास, आणि तो थांबायला आता फार वेळ नव्हता.

"सिलिंडर?"

"डॉक्टर होडीतनं धाडतो म्हनलेत. अजून पत्ता न्हाई. तुमी येता का?"

मी काय सांगणार? मधे नदी होती, आणि पोहत बॅटरी नेण्याइतका मी शूर नव्हतो. मग एकदम डोक्यात आलं. "वहिनी, ट्रॅक्टर कुठं आहे?"

"दारातच की. पानी चढलं तशी सगळ्या गावाची ट्रॅक्टरं आमच्या गल्लीत आणून लावल्यात. हीच गल्ली उंचावर हाय."

"ट्रॅक्टरच्या बॅटरीला वर बुचं किती आहेत?"

त्या पळत गेल्या, पळत आल्या. "सहा."

"आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला पण सहाच, म्हणजे दोन्ही बारा व्होल्टच्या. मग चालतंय. ती काढून इथं जोडायची."

तेवढ्यात मागनं दादांचा आवाज आला. मी तो ओळखला आणि कपाळाला हात लावला. वहिनी म्हणाल्या, "भाई, ह्ये म्हनत्यात आदी ठिनगी पाडून बघतो, बॅटरीत दम हाय का न्हाई."

"फोन द्या त्यांच्याकडं!"

दादा फोनवर आले. "बोला मिस्त्री."

"दादा, आत ऑक्सिजन चाललाय. ऑक्सिजन असला की साधी ठिणगी पण वणवा होते. ठिणगी पाडायचीच असेल तर आबांना आधी बाहेर न्या आणि घराला हात जोडा."

दादा आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच बारीक आवाजात म्हणाले, "मग मी काय करू?"

"तुम्ही उचला. तुमच्याएवढं वजन कुणाला उचलणार? वायरीला हात वहिनींचा."

हे मी दादांचा मान राखायला म्हणालो असं त्यांना वाटलं असेल. वाटू दे. ट्रॅक्टरची बॅटरी वहिनींनी सोडवली, आधी काळी, मग लाल. दादांनी ती छातीशी धरून सोप्यात आणली. पाटल्यांचा प्रश्न होताच.

"साबण लावायला वेळ न्हाई भाई."

"सायकलची ट्यूब असेल. कापा, मनगटावर चढवा, पाटल्या झाका. मंगळसूत्र पाठीवर टाका. काच राहू द्या. आणि दारं-खिडक्या उघडा."

"पाऊस आत यील."

"येऊ दे पाऊस. गॅस बाहेर जाऊ दे."

त्यांनी फोन कोनाड्यात ठेवला, कानाशी धरायला हात मोकळा नव्हता. "मी मोट्यानं सांगत करते," म्हणाल्या, "चुकलं तर वरडा." मग आतल्या बाजूला हाक ऐकू आली. "आबा, मशीन बंद करतीया. जरा कळ काढा. बोलू नगा, हलू नगा, हळू श्वास घ्या."

घुर्र, फुस्स थांबलं. माझ्या गाळ्याबाहेर रिक्षा चालल्या होत्या, कुणीतरी चहा सांगत होतं, आणि मी फोन कानात खुपसून अल्लाला हाका मारत होतो. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगतो. समोर बॅटरी असली तर माझे हात कामाला लागतात. इथं हात रिकामे होते.

"इन्व्हर्टर बंद केला. काळी काढली." बांगड्यांचा आवाज. "लाल काढली."

वेळ गेला. कुठंतरी आबांची खोकल्याची उबळ आली, कोंडल्यासारखी.

"लाल लावली." परत बांगड्या. "काळी लावली. इन्व्हर्टर चालू."

घुर्र, फुस्स.

मी खाली बसलो. समोरचा लेथवाला धावत आला, त्याला वाटलं मला काही झालं. मी त्याला म्हटलं, अरे चहा सांग, दोन सांग.

पण ट्रॅक्टरची बॅटरी लहान. मशीन ती भराभर पिऊन टाकणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून तेवढ्यात गल्लीतल्या पुढच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून तयार ठेवायला सांगितलं. गल्लीतल्या लोकांनीही हात पुढं केले, आणि हात पुढं करताना तोंडही पुढं केलंच. "लाल आदी काढली तर काय हुतंय?" "ठिनगी बघा की ओ!" दादा मात्र आता माझे शागीर्द झाले होते. "खबरदार कुनी पाना टेकवला तर!" असा त्यांचा दम मला फोनवर ऐकू आला. बोटावरच्या पांढऱ्या वळ्यानं अखेर शहाणपण शिकवलं होतं.

त्या दुपारी वहिनींनी एकामागून एक बॅटऱ्या बदलल्या. प्रत्येक वेळी मशीन थांबायचं, प्रत्येक वेळी आतून उबळ यायची, आणि प्रत्येक वेळी त्या मोठ्यानं म्हणत राहायच्या. काळी काढली. लाल काढली. लाल लावली. काळी लावली. शेवटी त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली. गावात एवढ्या बॅटऱ्या आणि बोलायला एक नाही! त्यानंतर माझ्या कानात नुसती शांतता होती. तिन्हीसांजेला त्यांच्या शेजाऱ्याचा फोन आला, की होडी आली, सिलिंडर लागला, म्हातारा चहा मागतोय. मला रडू आलं. लेथवाल्यासमोर आलं, त्याचं वाईट वाटतं.

पाणी उतरल्यावर, रस्ता खुला झाला तसा मी गावी गेलो. बॅटऱ्या तपासायच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला आबांना बघायचं होतं. लाइट आली होती, मशीन सरळ विजेवर चाललं होतं. सोप्यात मात्र माणसं मावत नव्हती. कुठल्या कुठल्या गावचे पावणे जमले होते. मधोमध बापूदादा, खांद्यावर शाल, गळ्यात कुणीतरी घातलेला हार. तेच गोष्ट सांगत होते.

"काय सांगू पावणं, बाहेर पानी, आत आबा, आन् मधे म्या! एकेक बॅटरी अशी उचलायची, अशी टेकवायची, अशी जोडायची."

पावणे म्हणत होते, "वाघ हाय वाघ." कुणातरी पुढाऱ्यानं तर सत्कार ठरवला होता. वहिनी आतून चहाचं ताट घेऊन आल्या, कप वाटले, आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मनगटांवर अजून सायकलची काळी ट्यूब होती.

"वहिनी, आता काढा की ती," मी हळूच म्हटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "लाइटीचा काय भरवसा?"

मला राग आला. बाईनं एक शब्द काढला नाही याचा आला, आणि शाल दादांच्या खांद्यावर होती याचा जास्त आला. पण दुसऱ्याच्या घरात जाऊन शाली सारख्या करणं हे काही मिस्त्रीचं काम नव्हे. मी चहा घशाखाली ढकलत राहिलो.

एका पावण्याला उत्सुकता आली. "दादा, दावा की, कसं केलंत." दादांनी शाल सावरली, सोप्यातल्या बॅटरीसमोर बसले, ट्यूब गुंडाळलेला पाना घेतला. आणि भर सभेत त्यांचा हात गेला तो थेट लाल वायरीकडं.

"काळी!"

आतल्या खोलीतून आवाज आला. चिरका, मोडका, पण गल्लीभर ऐकू जाईल असा. "काळी! आदी काळी!"

सगळे आत वळले. आबा खाटेवर अर्धे उठून बसले होते. नाकात नळी, हातात काठी, आणि काठी दादांवर रोखलेली.

"आबा, तुमी पडा की," दादा म्हणाले. "तुमास्नी काय म्हाइत?"

"मला न्हाई म्हाइत?" म्हाताऱ्याला धाप लागली, पण थांबायला तयार नाही. "काळी काढली म्हनली की माझा श्वास कोंडायचा. काळी लावली म्हनली की परत यायचा. किती येळा! मी इसरंन व्हय?"

दादांनी पान्याकडे बघितलं, मग बोटावरच्या पांढऱ्या वळ्याकडे. ते काय बोलतात याची मी वाट बघत होतो, आणि माझ्या तोंडात एक चांगला टोमणा तयार होता. पण दादांनी माझी पंचाईत केली. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, आणि पाना चौकटीकडे धरला.

"ये," ते म्हणाले. "तूच दाव."

वहिनी आल्या. पदर खोचला, मंगळसूत्र पाठीवर टाकलं, खिडकी उघडली, इन्व्हर्टर बंद केला. पावणे माना पुढं काढून बघत होते. त्या रोज भाकरी थापावी इतक्या सहज बसल्या होत्या, पण मोठ्यानं बोलायला लाजत होत्या. मग आबाच आतून सांगायला लागले.

"काळी काढ."

बांगड्या वाजल्या.

"लाल काढ. आता लाल लाव."

बांगड्या वाजल्या.

"काळी लावली," या वेळी वहिनीच म्हणाल्या. आतून आबांनी एक लांब श्वास घेतला, सगळ्या सोप्याला ऐकू जाईल इतका.